काढता न येणारा पेसमेकर, चिघळलेलं पॉकेट आणि रोजची गोळी

पेसमेकरची बॅटरी त्वचेखालच्या ज्या कप्प्यात, म्हणजे पॉकेटमध्ये, बसवलेली असते तिथे इन्फेक्शन झालं की कॉलरबोनखालची त्वचा आधी चकचकीत होते. मग तिथला रंग जांभळट-काळसर होतो आणि बॅटरीची कड आतून उठून दिसू लागते. त्वचा चिमटीत धरायला गेलं तर ती खालच्या धातूला चिकटलेली असते, वर येत नाही. काही दिवसांनी कडेला टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र पडतं आणि दाबलं की पाण्यासारखा एक थेंब बाहेर येतो. ताप नसतो, फारसं दुखत नसतं, सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, तीसुद्धा कित्येकदा नॉर्मल येते. घरचे म्हणतात, थोडं चिघळलंय. पण त्या छिद्रातून हवा आत गेली की पेसमेकरची सगळी यंत्रणा, बॅटरीपासून हृदयात रुतलेल्या वायरच्या टोकापर्यंत, दूषित झाली असंच धरायचं.

इथे दोन गोष्टी हमखास केल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणजे सुई घालून आतलं पाणी काढून तपासणं. पॉकेट नुसतं सुजलेलं असेल आणि आत जंतू नसतील, तर ही सुईच ते आत पोचवते. दुसरी म्हणजे जखम धुऊन, कडा कापून, बॅटरी थोडी खाली सरकवून पुन्हा टाके घालणं. वरून जखम छान भरते आणि काही आठवड्यांनी शेजारी नवं छिद्र पडतं.

यावरचा उपाय जगभर एकच आहे: बॅटरी आणि सगळ्या वायर पूर्ण काढायच्या, थोड्या दिवसांचं अँटिबायोटिक द्यायचं आणि गरज असेल तर दुसऱ्या बाजूला नवा पेसमेकर बसवायचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शनात तर स्पष्ट आहे, की ज्याचं उपकरण काढता येतं त्याला दीर्घकाळ दाबून ठेवणारं अँटिबायोटिक देऊ नये. हा लेख उरलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं खरोखरच काढता येत नाही त्यांच्यासाठी. आणि 'खरोखरच' या शब्दावर आधी थांबायला हवं, कारण या यादीत बरेच जण उगाच ढकलले जातात.

'पेसमेकरवाचून ठोकेच पडत नाहीत, मग काढायचा कसा?' हे कारण होत नाही. मानेतल्या शिरेतून स्क्रूची वायर घालून ती त्वचेवर चिकटवलेल्या बाहेरच्या पेसमेकरला जोडतात. असा रुग्ण वॉर्डात चालतो-फिरतो आणि आठवडा-दोन आठवडे आरामात काढतो. 'वय ८२ आहे' हेही एकटं कारण नव्हे. 'वायर पंधरा वर्षं जुनी आहे' हे अर्धं कारण. वर्षभरात वायरभोवती शिरेत आणि हृदयात चिवट आवरण तयार होतं, त्यामुळे जुनी वायर ओढून निघत नाही. लेसरची किंवा फिरत्या पात्याची नळी वायरवरून सरकवत न्यावी लागते आणि वरची महाशीर फाटण्याच्या भीतीने हृदयशल्यचिकित्सक शेजारी तयार ठेवावा लागतो. तरीही युरोपातल्या साडेतीन हजार रुग्णांच्या २०१७ च्या नोंदीत, प्रक्रियेमुळे रुग्णालयातच मोठी गुंतागुंत झाली ती १.७ टक्के रुग्णांत, त्यात मृत्यू ०.५ टक्के. इन्फेक्शन आत ठेवण्यातला धोका याच्या कितीतरी पुढचा आहे. त्यामुळे आपल्याकडे सोय नसेल तर पहिलं काम म्हणजे जिथे सोय आहे तिथे रिपोर्ट पाठवून विचारणं.

मग खरी कारणं कोणती? इतर आजारांमुळे आयुष्यच काही महिन्यांचं उरलेलं. फुप्फुसं आणि किडनी इतकी खालावलेली की भूल झेपणार नाही. सगळं समजावून सांगितल्यावरही रुग्णाचा ठाम नकार. वायर काढताना तुटून आत राहिलेला तुकडा. इन्फेक्शन पेसमेकरऐवजी कृत्रिम झडपेत किंवा महाधमनीच्या ग्राफ्टमध्ये (कृत्रिम नळीत) असणं आणि दुसरं ऑपरेशन शक्य नसणं. आणि हृदयाला टेकू देणारा एलव्हॅड पंप, ज्याच्यावाचून माणूस जगणार नाही. कारण कोणतंही असो, ते तारखेसह केसपेपरवर लिहा. सहा महिन्यांनी तेच कारण टिकलंय का, हे पाहायचं असतं.

औषधाने हे इन्फेक्शन समूळ का जात नाही, तेही सांगायला हवं, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू प्लास्टिकला किंवा सिलिकॉनला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराच्या तळाशी जंतू जवळजवळ वाढत नाहीत, आणि बहुतेक अँटिबायोटिकं वाढत्या जंतूंवरच चालतात. त्यामुळे लॅबच्या नळीत जी मात्रा पुरते, तिच्या शेकडो पट इथे अपुरी पडू शकते. गोळी करते ते इतकंच, की थरातून सुटून रक्तात येणारे जंतू तिथल्या तिथे मारते. गोळी थांबली की पहारा उठतो. रुग्णाला आणि घरच्यांना हे पहिल्याच दिवशी याच शब्दांत सांगावं. नाहीतर तीन महिन्यांनी 'आता बरं आहे' म्हणून गोळी आपोआप बंद होते.

आता कामाला लागू. खालचे डोस प्रौढांचे आहेत आणि किडनी ठीक धरून दिलेत. हे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कुणीही सुरू करायचं नाही.

पहिला डोस टोचायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. किमान दोन संच, जमल्यास तीन, वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरेतून. एका संचात दोन बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. म्हणजे एकूण ३२ ते ६० मिली. 'एवढं रक्त कशाला?' असं नातेवाईक विचारतातच, आणि मग सिस्टर दयेपोटी बाटलीत ३ मिली सोडतात. रक्तात जंतू मोजकेच असतात, नमुना छोटा असेल तर ते निसटतात. आणि जंतू सापडला नाही तर पुढची कित्येक महिन्यांची गोळी अंधारात निवडावी लागते. त्याहून वाईट म्हणजे आधीच पाच दिवस चाललेलं अमॉक्सिक्लॅवसारखं अँटिबायोटिक. रुग्ण स्थिर असेल तर ते बंद करून, काही दिवस थांबून कल्चर घेणं परवडतं. ताप चढला असेल, बीपी पडत असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

पॉकेटमधून पू येत असेल तर तो नेहमीच्या कल्चरबरोबर एएफबी स्टेन (क्षयजंतूंच्या जातीचे जंतू रंगवून दाखवणारी तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरलाही पाठवा. भारतात हे विसरून चालत नाही. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी आणि ॲब्सेसस हे पाण्या-मातीतले क्षयजंतूंचे भाऊबंद पेसमेकरच्या पॉकेटमध्ये आपल्याकडे सापडतात. नेहमीची प्लेट दोन दिवसांत टाकून दिली तर ते दिसतच नाहीत, त्यांना आठवडाभर तरी द्यावा लागतो. आणि दिसले की नवीच चूक होते: स्टेन पॉझिटिव्ह बघून टीबीच्या नेहमीच्या गोळ्या सुरू होतात. या जंतूंवर त्या चालत नाहीत. विशेषतः ॲब्सेसस निघाला तर तोंडी गोळीने तो दाबून ठेवण्याची आशा फार कमी, तेव्हा 'काढता येत नाही' हा निर्णय पुन्हा उघडून बघावा. क्युटिबॅक्टेरियम या त्वचेवरच्या सावकाश वाढणाऱ्या जंतूची शंका असेल तर लॅबला फोन करून बाटल्या १० ते १४ दिवस ठेवायला सांगा. फॉर्मवर लिहून भागत नाही.

अन्ननलिकेतून इको, म्हणजे टीईई, करायलाच हवी. छातीवरून केलेली इको वायरवरचे जंतूंचे झुबके बऱ्याचदा चुकवते.

शिरेतल्या औषधाचा टप्पा साधारण सहा आठवड्यांचा, आणि दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह ब्लड कल्चरपासून. इंजेक्शन सुरू झालं त्या दिवसापासून मोजले तर आठवडाभराची फसवणूक सहज होते. म्हणून दर २४ ते ४८ तासांनी कल्चर परत घ्यायचं, निगेटिव्ह येईपर्यंत. योग्य औषध चालू असताना तीन दिवसांनंतरही जंतू उगवत असतील, तर औषध बदलत बसण्यापेक्षा उपकरण काढणाऱ्यांना पुन्हा फोन लावलेला बरा.

जंतू मेथिसिलिनला (पेनिसिलिन गटातलं एक औषध) दाद देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर सेफॅझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी. याच जंतूला 'जास्त भारी' म्हणून व्हँकोमायसिन देतात, प्रत्यक्षात इथे ते सेफॅझोलिनपेक्षा कमजोर आहे. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस, असेल किंवा तसाच न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस असेल, तर मात्र व्हँकोमायसिन, डॅप्टोमायसिन (किलोमागे ८ ते १० मिग्रॅ दिवसातून एकदा) किंवा टायकोप्लॅनिन. टायकोप्लॅनिन दिवसातून एकदाच द्यायचं असल्याने घरी येणाऱ्या नर्सकडून घेता येतं, म्हणून आपल्याकडे ते लाडकं आहे. पण पहिल्या दिवसापासून ४०० मिग्रॅ रोज एकदा, असं लिहिलेलं सर्रास दिसतं. हे औषध रक्तात फार हळू साठतं. त्यामुळे आधी किलोमागे १२ मिग्रॅ दर बारा तासांनी असे तीन ते पाच डोस, आणि मग रोज एकदा. हे सुरुवातीचे डोस चुकवले तर पहिला आठवडा वाया गेला समजा.

व्हँकोमायसिनचं गणित एकदा नीट मांडतो. वजन ६० किलो. पहिला डोस किलोमागे २५ मिग्रॅ, म्हणजे १५०० मिग्रॅ. एका मिलीत ५ मिग्रॅपेक्षा घट्ट द्रावण नको, म्हणजे किमान ३०० मिली सलाईन. मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेग नको, म्हणजे अडीच तास. आता वॉर्डात काय होतं? १०० मिलीच्या बाटलीत घालून अर्ध्या तासात पळवलं जातं. चेहरा, मान, छाती लालबुंद होते, खाज सुटते, बीपी उतरतं आणि केसपेपरवर ठळक अक्षरात येतं: 'व्हँकोमायसिनची ॲलर्जी'. ही बहुतेकदा ॲलर्जी नसते, वेगाची प्रतिक्रिया असते. थांबवून, निम्म्या वेगाने पुन्हा दिलं की चालतं. त्या एका शिक्क्याने मात्र रुग्णाचं एक औषध कायमचं गेलेलं असतं. पुढचे डोस किलोमागे १५ ते २० मिग्रॅ, किडनीप्रमाणे ८ ते १२ तासांनी किंवा त्याहून लांबवून, आणि रक्तातली पातळी बघून. २०२० पासून पातळीचं लक्ष्य एयूसी (दिवसभरात रक्तात औषध एकूण किती राहिलं याचं माप) ४०० ते ६०० असं धरतात. डोसआधीची पातळी जबरदस्तीने १५ ते २० वर नेऊन किडनी दुखावण्याचे दिवस गेले.

सहा आठवड्यांसाठी हातातून पिक लाइन, म्हणजे छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, घालायची असेल तर ती पेसमेकरच्या विरुद्ध बाजूने. डायलिसिसच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाच्या शिरा वाचवायच्या असतील तर पिक टाळलेलीच बरी. आणि इंजेक्शनं संपली त्या दिवशी ती काढा. पिक लाइन विसरून घरी गेलेला रुग्ण नवं इन्फेक्शन घेऊन परत येतो.

गोळीवर कधी जायचं? कल्चर निगेटिव्ह, ताप नाही, सीआरपी उतरलेला, जंतूचं नाव माहीत आणि त्याला लागू पडणारी, वर्षभर सोसवेल अशी गोळी उपलब्ध असेल तेव्हा. शेवटची अट सर्वांत अवघड. मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला सेफॅलेक्सिन ५०० मिग्रॅ तीन-चार वेळा किंवा सेफाड्रॉक्सिल दोन वेळा. दोनदाची गोळी आठवणीत राहते, म्हणून सेफाड्रॉक्सिलकडे माझा कल. एमआरएसएला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोनदा किंवा कोट्रायमॉक्साझोलची डबल स्ट्रेंग्थ गोळी दोनदा. स्ट्रेप्टोकॉकस आणि दाद देणाऱ्या एंटरोकॉकसला अमॉक्सिसिलिन. स्यूडोमोनासला तोंडी जवळजवळ सिप्रोफ्लॉक्सासिनच उरतं, आणि त्याला जंतू लवकर सरावतात. कँडिडाला फ्लुकोनाझोल. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं की प्लेटलेट पडू लागतात, महिना ओलांडला की पायाच्या आणि डोळ्याच्या नसांना धोका. ते दीर्घ पल्ल्याचं औषध नाही. रिफाम्पिसिन एकटं कधीही देऊ नका, जंतू काही दिवसांत सरावतो. भारतात ते क्षयाचं मुख्य हत्यारही आहे, ते असं बोथट करू नये.

सगळ्यांत जास्त घोळ याच टप्प्यावर होतो आणि त्याचं कारण जंतू नसतो. हृदयरुग्णाच्या डबीत आधीच आठ-दहा गोळ्या असतात.

कोट्रायमॉक्साझोल बघा. यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीतून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही. हार्ट फेल्युअरचा रुग्ण रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनवर असतो, सोबत स्पायरोनोलॅक्टोन असतं, आणि ही दोन्हीही पोटॅशियम वाढवतात. तिघं एकत्र आले की आठवडाभरात पोटॅशियम ५ वरून साडेसहा-सातवर जाऊ शकतं. आता हृदयात पेसमेकर आहे हे लक्षात घ्या. पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा स्नायू पेसमेकरच्या झटक्याला प्रतिसाद देईनासा होतो. ईसीजीवर पेसमेकरची रेघ दिसते, तिच्यामागे ठोकाच नसतो. बॅटरी ठीक, वायर ठीक, तरी रुग्ण चक्कर येऊन पडतो. म्हणून या गोळीनंतर पाचव्या ते सातव्या दिवशी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, तसंच पुन्हा दोन आठवड्यांनी. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर लगेच घाबरू नका, हे औषध किडनीला न दुखावताही तो आकडा जरा वर नेतं. पोटॅशियमच्या बाबतीत मात्र अशी सूट नाही.

आपल्याकडे रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिनपेक्षा एसिट्रोम, म्हणजे असेनोकुमारोल, जास्त चालतं. कोट्रायमॉक्साझोल आणि फ्लुकोनाझोल दोन्ही आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) झपाट्याने वर नेतात. पाचव्या दिवशी आयएनआर बघा, डोस कमी करायची तयारी ठेवा. रिफाम्पिसिन याच्या उलट करतं: एसिट्रोम, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान सगळ्यांना निकामी करतं, आणि बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आयएनआर अचानक उसळतो. अमिओडॅरोन या ठोक्यांच्या अनियमिततेवरच्या औषधावर असलेल्या रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायचंच झालं तर आधी आणि आठवड्याने ईसीजी काढून त्यावरचं क्यूटी हे अंतर मोजायचं, ते फार लांबलं की ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

डॉक्सिसायक्लिनचं दुखणं घरगुती आहे. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यासोबत घेतलं तर ते पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. साठीनंतर कॅल्शियमची गोळी बहुतेकांच्या डबीत असतेच. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन सकाळी आठ आणि रात्री आठ, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. रात्रीची गोळी भरपूर पाण्यासोबत आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. उन्हात त्वचा भाजते, शेतावर जाणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगा.

तपासण्यांचा क्रम: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सीबीसी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लिव्हरचे रिपोर्ट, सीआरपी. मग दर तीन महिन्यांनी. डॅप्टोमायसिन चालू असेल तोवर दर आठवड्याला सीपीके (स्नायूंना इजा होते आहे का ते सांगणारी तपासणी). पॉकेटचा फोटो दर महिन्याला, त्याच खिडकीच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. रंगातला आणि सुजेतला बदल आठवणीपेक्षा फोटोत आधी दिसतो. आणि पाकिटात ठेवायला एक चिठ्ठी: जंतूचं नाव, गोळीचं नाव, सुरू झाल्याची तारीख आणि खाली मोठ्या अक्षरात 'ताप आला तर नवं अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर'. ही ओळ वाचून पहिल्या दिवशीच कल्चर गेलं तर औषध बदलायचं की उपकरण काढायचं, हा निर्णय दोन आठवडे आधी होतो. दिवसातून तीन-चारदा पातळ जुलाब होऊ लागले तर घरच्या घरी जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये. दीर्घ अँटिबायोटिकमुळे होणारा क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसाइल या जंतूचा आजार आधी तपासावा.

एवढं करून हाती काय लागतं? अमेरिकेत मेयो क्लिनिकने अशा दीर्घ गोळीवर ठेवलेल्या ४८ रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. पहिला महिना ओलांडलेल्यांपैकी जवळपास पाचातल्या एकाला वर्षभरात इन्फेक्शन उलटलं, आणि जगण्याचा मध्यक काळ दीड वर्षाच्या आसपास भरला. आकडा वाईट दिसतो, पण या गटात मुळात तेच लोक येतात ज्यांना ऑपरेशन झेपणार नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी, तापाविना, सलाईनविना मिळालेले महिने ही छोटी गोष्ट नव्हे.

एलव्हॅडचा विषय थोडक्यात. पोटातून बाहेर येणारी वीजवाहक केबल, म्हणजे ड्राइव्हलाइन, हा जंतूंचा दरवाजा. केबल कपड्यात अडकून ओढली गेली की भोवतीची भरलेली त्वचा सुटते. म्हणून तिला पोटावर पट्ट्याने घट्ट बांधून ठेवणं हे निम्मं औषध. इथे गोळी हृदयप्रत्यारोपण होईपर्यंत चालते, पंप निघाला की थांबवण्याचा विचार करता येतो.

शेवटचा मुद्दा बहुतेक फाइलींमध्ये सापडत नाही: बॅटरी किती उरली आहे? गोळी सुरू करतानाच पेसमेकर तपासून उरलेली वर्षं लिहून ठेवा. दूषित पॉकेट उघडून नवी बॅटरी बसवणं म्हणजे झोपलेल्या जंतूंना उठवून त्यांना नवं कोरं घर देणं. विरुद्ध बाजूने नवी यंत्रणा घातली तर तिची वायर त्याच रक्तात, जुन्या दूषित वायरशेजारी जाऊन बसते. कल्चर निगेटिव्ह असताना मांडीतल्या शिरेतून वायरविरहित पेसमेकर बसवणं हा अशा वेळी विचारात घेण्याजोगा मार्ग, पण तो घाईत ठरवायचा नसतो. तोवर ठोक्याला लागणारा किमान व्होल्टेज मोजून, सुरक्षित अंतर ठेवून आउटपुट खाली आणला तर त्याच बॅटरीतून जास्त दिवस निघतात.